बुश कडक हवा, पण कुठला?

कोल्हापुरात वेगाची हौस असणाऱ्याला रस्ता शोधत लांब जावे लागत नाही. शिरोलीहून कागलकडे पुणे-बंगळूर महामार्ग जातो. पन्हाळ्याची चढण शहरापासून जेमतेम २० किलोमीटरवर आहे. गगनबावड्यापर्यंत ५५ किलोमीटर गेले की करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट तळकोकणात उतरतात. रत्नागिरीकडे निघाले तर आंबा घाट लागतो, सावंतवाडीकडे निघाले तर आंबोली. पण घरातून निघून महामार्गाला लागेपर्यंत त्याच गाडीला गतिरोधक, खोदून बुजवलेल्या चरी आणि पावसाळ्यात पाण्याखाली दडलेले खड्डे पार करावे लागतात. वळणावर ठाम आणि खड्ड्यात मऊ, अशी दोन्ही कामे एकाच गाडीकडून मागणारी माणसे या शहरात पुष्कळ आहेत.

चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी, रांजणगावची अबार्थ पुंटो, जुनी होंडा सिटी व्हीटेक किंवा अलीकडची व्हर्टस जीटी आणि अल्ट्रोझ रेसर, यांपैकी एखाद्या गाडीचा मालक हौसेला लागला की आधी टायर बदलतो, मग शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग. पुढे कधीतरी खड्ड्यात गाडीच्या पोटातून ‘खट्’ असा आवाज येऊ लागतो, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढते, आणि मेकॅनिक सांगतो, ‘‘बुश गेलेत.’’ तिथून नवा प्रश्न उभा राहतो. मूळचे रबराचेच पुन्हा बसवायचे, की लाल, जांभळ्या, पिवळ्या रंगांत मिळणारे पॉलियुरेथेनचे? ओळखीचे चार जण सांगतात, ‘‘सगळे पॉलीचे टाक, गाडी वळणावर हलणार नाही.’’

हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. बुश कोणत्या मालाचा हवा हे गाडीच्या नावावरून ठरत नाही, तो कुठल्या जागी बसणार आहे यावरून ठरते. एका जागी कडक बुश गाडीला सुधारतो. तोच माल तिथून हातभर अंतरावरच्या दुसऱ्या जागी बसवला, तर गाडी आधीपेक्षा वाईट चालते.

दोन नळ्या आणि मधले रबर

काढलेला बुश हातात घेऊन पाहिला की त्याचे काम समजते. बाहेर पातळ धातूची नळी, आत जाड लोखंडी नळी आणि मध्ये काळे रबर. हे रबर दोन्ही नळ्यांना साच्यातच पक्के चिकटवलेले असते. बाहेरची नळी सस्पेन्शनच्या आर्ममध्ये प्रेसने दाबून बसवतात. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि ती नळी सबफ्रेमला, म्हणजे गाडीच्या पोटातल्या चौकटीला, घट्ट आवळली जाते. चाक वर-खाली झाले की आर्म फिरतो, पण बुशात काहीच घसरत नाही. रबर पिळले जाते आणि पुन्हा मूळ जागी येते. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, तो कुरकुरत नाही आणि धूळ शिरायला त्यात फटही नसते.

याशिवाय रबर आणखी दोन कामे करते. टायरमधून येणारी गुणगुण आणि बारीक थरथर ते बॉडीपर्यंत पोहोचू देत नाही. आणि चाक ठरावीक दिशेला, ठरावीक मापाने सरकू देते. हे दुसरे काम बहुतेक मालकांच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या लोअर आर्मला दोन बुश असतात. एक लहान आणि आटोपशीर, दुसरा मोठा. मोठ्या बुशाच्या रबरात अनेकदा मुद्दाम पोकळ खाचा ठेवलेल्या दिसतात. खाचांच्या दिशेने रबर मऊ लागते, त्याच्या आडव्या दिशेने ताठ. चाक खड्ड्याच्या काठावर आपटले की ते काही मिलिमीटर मागे जाते आणि धक्क्याची धार बोथट होते. वळणावर मात्र आडवा जोर पेलायला तोच बुश खंबीर राहतो. एकाच तुकड्यात दोन स्वभाव बसवण्याची ही कारागिरी आहे.

रबर थकले की याच सोयीचा त्रास होतो. जोरात ब्रेक लावल्यावर चाक ठरल्यापेक्षा जास्त मागे ढकलले जाते, चाकांच्या कोनांची, म्हणजे टो आणि कास्टरची, मापे क्षणभर बदलतात, स्टिअरिंग ओढते आणि टायर एका कडेने घासला जातो. अशा गाडीचे अलाइनमेंट कितीदाही केले तरी उपयोग होत नाही, कारण रॅम्पवर उभ्या गाडीचे माप बरोबर येते आणि रस्त्यावर ते टिकत नाही.

मागच्या बाजूचे गणित आणखी बारीक आहे. स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटी, अल्ट्रोझ, व्हर्टस या सगळ्यांना मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एक लवचीक तुळई. ही तुळई फक्त दोन बुशांवर बॉडीला टांगलेली असते. वळणावर आडवा जोर आला की अख्खी तुळई किंचित फिरते आणि मागची चाके वळणाच्या बाहेरच्या बाजूला वळू पाहतात. असे झाले तर गाडीची शेपूट सुटते. १९८३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये यावर खास घडवलेले बुश वापरले गेले. त्यांचा आकार असा होता की आडवा जोर आला की बीम थोडी तिरकी सरकते आणि चाकांची दिशा आपोआप सावरली जाते. त्याआधी १९७७ मध्ये पोर्शने ९२८ या गाडीच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये हेच तत्त्व वेगळ्या रचनेतून आणले होते. वळणात पाय अॅक्सिलरेटरवरून अचानक उचलला की मागची चाके आत वळावीत, म्हणजे गाडी घसरू नये, यासाठी जोडाला मुद्दाम लवचीकता दिली होती. जर्मनीतल्या ज्या गावी पोर्शचे संशोधन केंद्र आहे त्या वाइसाखचे नाव त्या अॅक्सलला मिळाले.

अशा जागी नुसता कडक बुश बसवला तर डिझायनरने त्या रबरात बसवलेले सगळे काम पुसले जाते.

रबर ते रोझ जॉइंट

चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची पद्धत शोधली. बुशातले रबर आजही त्याच वाटेने तयार होते, फक्त त्यात कार्बन ब्लॅक, ओझोनपासून वाचवणारी मेणे आणि इतर रसायने पडतात. नैसर्गिक रबराची मोठी ताकद म्हणजे ते लाखो वेळा पिळले तरी सहज फाटत नाही. तेल, उष्णता आणि हवेतला ओझोन हे त्याचे शत्रू आहेत. इंजिनातून गळणारे ऑइल वर्षभर लोअर आर्मवर ठिबकत असेल तर तो बुश फुगून मऊ पडतो. तेव्हा बुश बदलण्याआधी गळती बंद करणे भाग असते.

पॉलियुरेथेनचा जन्म १९३७ चा. जर्मनीत लेव्हरकुझेन येथे ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे रसायन शोधले. हा माल तेलाला दाद देत नाही, झिजही कमी होते आणि हवा तेवढा कडक करता येतो. कडकपणा शोअर ए या मापात सांगतात. गाडीच्या मूळ रबरी बुशाचे माप साधारण ५० ते ७० असते, बाजारातले पॉलीचे बुश ७० ते ९५ या पट्ट्यात असतात. पण हा आकडा एकटा वाचून निर्णय घेऊ नये. खाचा असलेला ६५ चा रबरी बुश आणि भरीव असा ७० चा पॉलीचा बुश यांत आकड्याचा फरक पाचच आहे, रस्त्यावरचा फरक मात्र कितीतरी मोठा असतो. भरीवपणामुळेच कडकपणा खूप वाढतो.

पॉलीचा दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. बहुतेक पॉली बुश धातूला चिकटवलेले नसतात. आतली स्टीलची स्लीव्ह त्यात घसरत फिरते, म्हणून तिथे ग्रीस लागते. पुरवठादार सोबत घट्ट सिलिकॉन ग्रीसची पुडी देतात ती याचसाठी. ग्रीस धुऊन गेले की बुश कुरकुरतो आणि अडखळत फिरतो. शिवाय असा बुश एका अक्षाभोवती छान फिरतो, पण त्याला तिरके वाकवू पाहिले की तो आडून बसतो. जो आर्म वर-खाली होताना थोडा तिरपाही होतो, तिथे पॉलीने सस्पेन्शन जखडते. गाडी कडक झाल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात चाक रस्त्याचा चढउतार नीट धरत नाही.

यापुढचे साहित्य कोल्हापूरच्या कारागिरांच्या रोजच्या हाताखालचे आहे. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिन आणि उसाच्या चरकांच्या काळापासून लेथवर बुश उतरतात. गोकुळ शिरगावच्या मेनन बेअरिंग्जमध्ये दोन धातूंच्या थरांची इंजिन बेअरिंग आणि बुश तयार होतात. गनमेटलचा बुश हवा, नायलॉनचा हवा, असे म्हणत नमुना घेऊन गेले की टर्नर माप घेऊन तो उतरवून देतो. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि ट्रकच्या पाट्यांसाठी हे बुश वर्षानुवर्षे चालत आले आहेत, कारण तिथे वेग कमी, ग्रीस नियमित आणि आवाजाची तक्रार कोणाची नसते.

कारच्या लोअर आर्ममध्ये हाच उपाय करायचा मोह होतो, कारण तो स्वस्त आणि तासाभरात होणारा असतो. त्यात दोन अडचणी आहेत. नायलॉन पाणी शोषते आणि फुगते. एप्रिलमध्ये कोरड्या हवेत अगदी नेमक्या मापाने उतरवलेला बुश जुलैच्या पावसात स्लीव्हला आवळू लागतो. अ‍ॅसिटल हे प्लास्टिक यात बरेच चांगले. ड्युपाँटने ते डेलरिन या नावाने १९६० मध्ये बाजारात आणले. ते पाणी फार कमी घेते, गुळगुळीत असते आणि लेथवर सुंदर उतरते. पण दुसरी अडचण दोन्ही प्लास्टिकांना आणि गनमेटलला सारखीच लागू आहे. यातले काहीच दबत नाही. खड्ड्याचा घाव थेट आर्मवर, बोल्टवर आणि सबफ्रेमच्या कानांवर बसतो. रबर जो धक्का पचवत होते, तो आता पत्रा आणि वेल्डिंगला सोसावा लागतो.

सगळ्यात टोकाला रोझ जॉइंट, म्हणजे पोलादी गोळ्यावर फिरणारा सांधा. तो सगळीकडे मोकळा फिरतो आणि कुठेही दबत नाही, म्हणून रेसिंगच्या गाडीत त्याला तोड नाही. रस्त्यावर मात्र आंबा घाटातली तांबडी धूळ आणि पावसाचा चिखल त्याच्या अस्तरात शिरतो आणि तो खुळखुळू लागतो.

रेसिंगचे शहर, रस्त्याची गाडी

कोल्हापूरला रेसिंग नवीन नाही. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत, आणि इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला. या शहरातल्या तरुणांना ‘रेसिंगवाले काय वापरतात’ हा प्रश्न पडतो तो त्यामुळेच. त्याचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे. कार्टला सस्पेन्शनच नसते. तिची नळ्यांची चौकट स्वतःच पिळली जाते आणि वळणावर आतले मागचे चाक उचलते. हे जमते कारण ट्रॅक गुळगुळीत असतो. सर्किटवर धावणाऱ्या रेस कारमध्ये बुश कडक असतात, पण तिथे प्रत्येक शर्यतीनंतर गाडी रॅम्पवर चढते, सांधे तपासले जातात आणि झिजलेले भाग लगेच बदलतात. कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर गतिरोधक नाहीत. कोल्हापुरात घरापासून पहिल्या सिग्नलपर्यंत ते दोन-तीन तरी लागतात.

म्हणून रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि रविवारी घाट चढणाऱ्या गाडीसाठी जागेनुसार निवड करावी.

पहिला मान स्टॅबिलायझर बारच्या बुशांना. गाडी वळणावर कलू नये म्हणून आडवा बसवलेला हा बार आपल्या अक्षाभोवती फिरतो. तिरके वाकणे नाही, खड्ड्याचा थेट मार नाही. पॉलीला हीच जागा सगळ्यात मानवते. खर्च थोडा, काम कमी, आणि स्टिअरिंग वळवल्यावर गाडी लगेच प्रतिसाद देते हे पन्हाळ्याच्या पहिल्या दोन वळणांतच कळते. बारच्या मापाचा बुश घ्यावा, एक मिलिमीटरही सैल चालत नाही.

दुसरी जागा पुढच्या लोअर आर्मचा मोठा बुश. ब्रेक आणि स्टिअरिंग यांचा खरेपणा इथून येतो. यात पहिली निवड मूळ मापाचा नवा रबरी बुश. ६०-७० हजार किलोमीटर धावलेल्या गाडीत नुसते नवे रबर घातले तरी मालकाला गाडी बदलल्यासारखी वाटते, कारण तो जुन्या, फाटलेल्या बुशाशी तुलना करत असतो. त्यापेक्षा ठाम हवे असेल तर खाचा नसलेला भरीव रबरी बुश पाहावा. चौथ्या पिढीच्या गोल्फचे हौशी मालक जगभर ऑडी टीटीचा भरीव रबरी बुश बसवतात, तो याच हेतूने. तो धातूला चिकटलेलाच असतो, त्याला ग्रीस लागत नाही आणि तरी पुढचे चाक मागे सरकणे कमी होते. पॉलीच घ्यायचा असेल तर ७० ते ८० च्या मऊ पट्ट्यातला घ्यावा. ९५ चा बुश ट्रॅकसाठी ठेवावा.

लोअर आर्मचा लहान बुश मुळातच ताठ असतो. तिथे पॉली चालतो, पण त्याचा फायदा लहान आहे.

मागच्या टॉर्शन बीमचे दोन बुश मूळ कंपनीचेच ठेवावेत. शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरचे माउंट रबराचेच बरे, नाहीतर प्रत्येक खडा केबिनमध्ये ऐकू येतो. इंजिन माउंट हा वेगळा विषय, पण नियम तोच. ते कडक केले की गिअर बदलणे नेमके होते आणि सिग्नलला उभी गाडी आरशांसकट थरथरते.

बसवताना

चांगला बुश चुकीचा बसवला तर तो वर्षही काढत नाही. बहुतेक तक्रारींचे मूळ इथे असते.

खाचांचा बुश आर्ममध्ये कोणत्याही दिशेने दाबून चालत नाही. त्यावर बाण किंवा खूण असते, ती आर्मवरच्या खुणेशी जुळली पाहिजे. जुना बुश काढण्याआधी रंगाने रेघ मारून घेतली तर गोंधळ होत नाही. दाबताना जोर बाहेरच्या नळीवर यावा. हातोड्याने आतली नळी ठोकली की चिकटवलेले रबर पहिल्याच दिवशी सुटते. आर्म उतरवून हायड्रॉलिक प्रेसवर नेणे थोडे वेळखाऊ आहे, पण दुसरा मार्ग नाही.

सगळ्यात महत्त्वाचे काम शेवटी येते. गाडी जॅकवर असताना चाके खाली लोंबतात आणि आर्म खाली झुकलेला असतो. त्याच अवस्थेत बोल्ट आवळला तर रबराची आतली नळी त्या कोनात पकडली जाते. मग गाडी जमिनीवर आली की उभ्या गाडीतही रबर पिळलेलेच राहते आणि खड्ड्यात ते आणखी पिळले जाते. असा बुश काही महिन्यांत फाटतो, आणि दोष मालाला दिला जातो. बोल्ट आधी हलका लावावा, गाडीचे वजन चाकांवर येऊ द्यावे, ती दोन-चारदा दाबून बसवावी आणि मग टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या मापाला आवळावे. पॉलीच्या बुशात स्लीव्ह मोकळी फिरत असल्याने ही अडचण येत नाही, पण तिथे स्लीव्हच्या आतबाहेर ग्रीस भरपूर लागते. काम संपले की अलाइनमेंट करून घ्यावे, कारण आर्म उघडला म्हणजे टोचे माप हललेच.

वॉरंटीतल्या गाडीत बाहेरचे भाग घालण्याआधी शोरूमला विचारावे. सस्पेन्शनशी संबंधित दावा नाकारला जाण्याची शक्यता असते.

पावसाचा हिशोब

पॉलियुरेथेनचे दोन प्रकार आहेत आणि कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात हा फरक निर्णायक ठरतो. एस्टर जातीचा माल घर्षणाला चिवट असतो, पण उष्ण आणि दमट हवेत पाणी त्याच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडते. असा बुश आधी चिकट होतो, मग त्याचे तुकडे पडतात. ईथर जातीचा माल पाण्याला टिकतो. गगनबावड्याच्या पावसात फिरणाऱ्या गाडीसाठी ईथरचाच बुश मागावा, आणि विक्रेत्याला जात सांगता येत नसेल तर रबर घ्यावे. रंगावरून काही कळत नाही, तो कंपनीचा स्वतःचा संकेत असतो.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि शहरातल्या अनेक गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाडीत चिकटवलेल्या रबराचे फारसे बिघडत नाही, पण पॉलीच्या स्लीव्हमध्ये पाण्याबरोबर गाळ शिरतो आणि सँडपेपरसारखा घासत राहतो. पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीचे पॉली बुश उघडून, धुऊन, पुन्हा ग्रीस लावून बसवणे गरजेचे असते. इंजिन आणि वायरिंगच्या धांदलीत हे काम हमखास राहून जाते.

एरवीही वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या शेवटी आणि दसऱ्याच्या आसपास, गाडी रॅम्पवर घेऊन खालून पाहावे. लांब टॉमीने आर्म हळूच उचकून पाहिला की सुटलेले रबर, नळीपासून वेगळी झालेली कड आणि फाटलेली खाच स्पष्ट दिसते. रबरावरच्या केसाएवढ्या वरवरच्या भेगांना घाबरायचे कारण नाही. भेग खोल जाऊन धातू दिसू लागला किंवा आर्म हाताने हलू लागला, तर बुश बदलायची वेळ आली. तो जोडीने बदलावा, डावा आणि उजवा एकाच दिवशी, एकाच मालाचा.